मरियेच्या आईची गोष्ट मी थांबवली

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर तुरीच्या डाळीला ऊन दाखवत होतो. निवृत्त पाळकाच्या वाट्याला घरात अशीच कामं येतात. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही ते अप्रमाण ग्रंथ शिकवता ना, त्यावर नाताळ अंकाला लिहा. त्यांचा अभ्यास का करायचा, उपयोग काय, असं. आमच्या वाचकाला कळेल असं लिहा."

मी हो म्हणालो. चार दिवस खपून अकरा मुद्दे काढले. पाचव्या दिवशी वाचून पाहिले आणि कागद बाजूला सारले. अकरांतला एकही मुद्दा खोटा नव्हता. पण ही पुस्तकं मी ज्या कारणानं हातात धरली आणि आजवर सोडली नाहीत, ते कारण त्यात कुठंच आलं नव्हतं. ते कारण मुदखेडच्या एका म्हातारीशी आणि औशाच्या एका लेकीशी जोडलेलं आहे. दोघींशी मी जे वागलो ते मी अजून कुठं लिहून दिलेलं नाही. तेच लिहितो.

आधी हे ग्रंथ म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रभू येशूच्या नंतरच्या पहिल्या तीन-चारशे वर्षांत त्याच्याबद्दल, त्याच्या आईबद्दल, त्याच्या शिष्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातलं काही ठिकठिकाणच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या समाजांनी, पवित्र शास्त्र म्हणून स्वीकारलं. ते आपल्या नव्या करारात आहे. उरलेलं बाहेर राहिलं. त्यात बाळ येशू शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी चिखलाच्या चिमण्या करतो आणि टाळी वाजवून त्या उडवून देतो. एक शिष्य तर थेट आपल्या हिंदुस्थानात येतो. काही लिखाणांची शिकवण विचित्र होती, काही भलत्याच्याच नावावर लिहिलेली होती, म्हणून ती शास्त्रात आली नाहीत. त्यांना आम्ही अप्रमाण म्हणतो. मीही त्यांना शास्त्र मानत नाही आणि त्यांच्यावर उपदेश करत नाही. हे आत्ताच सांगितलेलं बरं, नाहीतर अंक निघाल्यावर चर्चच्या पंचकमिटीचे फोन घेत बसावं लागेल.

पाळकाचं काम लोकांना रविवारचं वाटतं. खरं काम सोमवार ते शनिवार असतं. कुणाचं दुखणं, कुणाची भांडणं, कुणाला शाळेत दाखल करायचंय, कुणाला दफनाला जागा नाही. मुदखेडला माझी बदली झाली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि सेमिनरीची, म्हणजे पाळकांच्या विद्यालयाची, पदवी डोक्यात ताजी होती. मंडळी लहान, साठ-सत्तर घरांची. निम्मे लोक रेल्वेतले, बाकीचे आसपासच्या खेड्यांत विखुरलेले. थेट किनवटच्या बाजूला जंगलालगतच्या गावांतही आमची दोन-चार घरं होती. पॅसेंजर गाडीनं जायचं, उतरून पायी चालायचं, आणि संध्याकाळच्या आत परतायचं.

त्या गावांत माझ्याआधी मार्थाबाई पोचलेली असायची.

मिशनच्या जमान्यात 'बायबलबाई' अशी एक नोकरी असे. घरोघर जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, अक्षरओळख करून द्यायची, बाळंतिणीची विचारपूस करायची. मिशनचे साहेब गेले, नोकरी गेली. मार्थाबाईचं जाणं-येणं तेवढं राहिलं. पंचावन्नच्या आसपासची, सडपातळ, विधवा बाई. खांद्याला कापडी पिशवी. तिच्या गोष्टी ऐकायला सगळ्या जातीच्या बाया जमायच्या. मी एकदा लांबून ऐकलं. ती ज्या पद्धतीनं सांगत होती त्यात बेथलेहेम किनवटच्या अलीकडचं स्टेशन वाटत होतं. मला ते फारसं आवडलं नाही. खरं कारण हे की, मी उपदेशाला उभा राहिलो की याच बाया पेंगायच्या.

आता त्या रविवारचं सांगतो.

आमच्या मंडळीत प्रकाश नावाचा गँगमन होता. त्याची बायको सुनीता, माहेर औशाचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. प्रकाशच्या आईला सगळे आक्का म्हणायचे. आक्काचा नवरा कमिटीत पंच, आणि मंडळीत आक्काच्या शब्दाला वजन. तर आक्काच्या लेकीला, म्हणजे सुनीताच्या नणंदेला, मुलगा झाला आणि त्याचा बाप्तिस्मा ठरला. आमच्याकडे अशी रीत की, बाप्तिस्मा झाल्यावर घरातल्या बाईनं शिवलेलं पांढरं झबलं बाळाला घालायचं. सुनीतानं ते शिवलं होतं. गळ्याभोवती निळ्या दोऱ्याची बारीक वेल काढली होती.

मी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, नाव उच्चारलं. सुनीता झबलं घेऊन पुढं आली. तिनं बाळाचा हात धरला तोच आक्कानं झबलं तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू नको घालू," आक्का म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पहिल्या कपड्याला वांझेचा हात लागू नये. मागं सरक."

मी हातभर अंतरावर होतो. माझी बोटं अजून ओली होती. मंडळीचा पाळक म्हणून तिथं तोंड उघडण्याचं काम माझं होतं. मी प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान उलटलं.

बायकांच्या बाजूनं मार्थाबाई उठली.

"आक्का, थांब जरा," ती म्हणाली. "मरियेच्या बापाला बी असंच परत धाडलं होतं मंदिरातून. लई देवमाणूस होता त्यो. सणाला दान घेऊन गेला, तर तिथला मोठा माणूस म्हणला, तुला लेकरू न्हाई, तुझं दान आम्हाला चालत न्हाई, मागं सरक. त्यो मुकाट वळला. घरी बी गेला न्हाई, मेंढरं घेऊन रानात निघून गेला. इकडं त्याची बायको हन्ना, मरियेची माय, दारात एकलीच. समोर बाभळ, बाभळीवर सुगरणीचे खोपे, आन् खोप्यात पिल्लं चिवचिव करून राहिली. हन्ना म्हणली, देवा, पाखराला देतूस, गाईम्हशीला देतूस, मग मीच तुझं काय केलं रं? देवानं ऐकलं. त्याच घरात मरिया झाली, आन् मरियेच्या पोटी आपला प्रभू. ज्या घराचं दान परत केलं ना आक्का, त्याच घरातून देव आला. आन् मग लेकरू झाल्यावर हन्ना गेली त्या मंदिरातल्या माणसाकडं, आन् त्याला म्हणली—"

"मार्थाबाई, खाली बसा," मी म्हणालो.

ती थांबली. चर्चमध्ये इतकी शांतता मी माझ्या उपदेशात कधी अनुभवली नव्हती. सगळ्या बायका तिच्याकडं पाहत होत्या. सुनीताही. आक्काची मान थोडी खाली गेली होती, हे मला त्याही वेळी दिसलं होतं.

"ही गोष्ट बायबलात नाही," मी म्हणालो. "मरियेच्या आईबापांचं नावसुद्धा शास्त्रात नाही. देवाच्या घरात बनावट गोष्टी सांगायच्या नसतात."

आक्कानं मान वर केली. "ऐकलंस का गं?" ती सुनीताला म्हणाली. "पाळकसाहेबच सांगून राहिले. खोटं हाय."

तिनं पिशवीतून दुकानातलं दुसरं झबलं काढलं आणि बाळाला घातलं. सुनीता बाजूच्या दारानं बाहेर गेली. तिचं झबलं पहिल्या बाकावर पडून राहिलं. मी पुढचं गीत सांगितलं.

त्या दिवशी त्या चर्चमध्ये एक बाई दुसऱ्या बाईला सर्वांदेखत तुडवत होती, आणि मला त्यात चूक दिसली ती फक्त तिसरीच्या गोष्टीत. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली.

मी तिथंच थांबलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पुढच्या आठवड्यात आक्काच्या नवऱ्यानं कमिटीत विषय काढला आणि ठराव मी स्वतः लिहिला. अक्षर चांगलं म्हणून नेहमी मीच लिहायचो. 'शास्त्रबाह्य गोष्टी सांगत असल्याने मार्थाबाई यांनी यापुढे मंडळीच्या नावाने घरभेटी करू नयेत व मुलांचा वर्ग घेऊ नये.' मार्थाबाईला बोलावून तिची सही घेतली. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"साहेब," ती म्हणाली, "बायबलात न्हाई ते समदं खोटंच असतंय का?"

"देवाबद्दलचं असेल तर खोटंच," मी म्हणालो.

"माझ्या सासूनं सांगितली होती ही गोष्ट. ती लई खरी बाई होती."

"असेल. पण ती गोष्ट खरी नाही."

तिनं सही केली. वळणदार, मोडी शिकलेल्यांची असते तशी. मग म्हणाली, "तुम्ही शिकलेले हाव. तुमचं ऐकावं लागंल." त्यात टोमणा नव्हता. तेच मला आज जास्त लागतं.

महिन्याभरात प्रकाशनं सुनीताला औशाला नेऊन सोडलं. माघारी आणलं नाही. पुढं त्यानं दुसरी बाई घरात ठेवली. आक्का लोकांना सांगत फिरली की, पाळकानंच भर चर्चमध्ये सांगितलं, असल्या बाईला देव देतो ही गोष्टच खोटी आहे. हे माझ्या कानावर तीन वेगवेगळ्या माणसांकडून आलं. मी असं म्हणालो नव्हतो. पण आक्काच्या दारात जाऊन 'मी असं म्हणालो नव्हतो' एवढंही मी म्हणालो नाही. औशालाही गेलो नाही. मुदखेडहून औसा म्हणजे काही परदेश नव्हे. नांदेडहून थेट लातूरची बस मिळते आणि लातूरहून औसा अर्धा तास. ज्या पाळकानं किनवटच्या रानात पायपीट केली त्याला औशाची वाट सापडली नाही. कारण तिथं गेलं असतं तर काही तरी कबूल करावं लागलं असतं.

मुदखेडहून माझी नांदेडला बदली झाली आणि तिथून काही वर्षांनी लातूरला.

मधल्या काळात एकदा आम्हा पाळकांना उजळणीच्या वर्गाला सेमिनरीत बोलावलं. दुपारी जेवणानंतर मी ग्रंथालयात बसलो होतो. वर्गापेक्षा तिथं पंखा चांगला होता. आमचे जुने प्राध्यापक, तेव्हा ऐंशीच्या घरात, समोर येऊन बसले आणि त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडं सरकवलं. पहिल्या काही शतकांतल्या अप्रमाण लिखाणांचे अनुवाद होते. मी म्हणालो, "सर, हे तर टाकाऊ."

"सातबाऱ्यावर आईचं पत्र लागत नाही," ते म्हणाले. "म्हणून काय पत्र चुलीत घालतोस?"

मी हसलो आणि पान उघडलं. एक श्रीमंत, भला माणूस मंदिरात दान घेऊन जातो. त्याला सांगतात, तू सगळ्यांच्या आधी दान द्यायचं नाहीस, तुला संतती नाही. तो घरी न जाता रानात निघून जातो. त्याची बायको अंगणात झाडाखाली बसते, वर पाहते, झाडावर चिमण्यांचं घरटं. ती आक्रोश करते, मी कुणासारखी आहे? पाखरांसारखीसुद्धा नाही, तीही तुझ्यापुढं फळतात देवा.

झाड बाभळीचं नव्हतं, पाखरं सुगरणी नव्हत्या. बाकी सगळं मार्थाबाईचं होतं. खाली टीप होती: हे लिखाण बहुधा दुसऱ्या शतकातलं. म्हणजे जवळजवळ अठराशे वर्षं ही गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत चालत चालत मुदखेडला आली होती. ज्या सकाळी एका बाईला तिची गरज होती त्याच सकाळी येऊन उभी राहिली होती. आणि मी तिला खाली बसवलं होतं.

त्याच पुस्तकात आणखी एक हकिकत होती. एका तरुण मुलीची गोष्ट त्या काळी फार प्रिय होती. ती मुलगी प्रेषिताचं ऐकून घर सोडते आणि पुढं स्वतः शिकवू लागते. बायका त्या गोष्टीचा दाखला देऊन म्हणायच्या, आम्हालाही शिकवू द्या. एका जुन्या लेखकानं नोंदवून ठेवलंय की, ही गोष्ट रचणारा एक वयस्क पाळक सापडला. त्यानं कबूल केलं की, मी हे प्रेषितावरच्या प्रेमापोटी केलं. त्याला पदावरून उतरवलं. हे वाचताना मला माझ्याच अक्षरातला ठराव दिसू लागला. मी पुस्तक मिटलं.

आता कुणालाही वाटेल, की मी तिथून उठलो आणि मुदखेडची गाडी पकडली. तसं झालं नाही. मी पुढची अकरा वर्षं पुस्तकं जमवली.

पश्चात्ताप झालेल्या माणसाला अभ्यास फार सोयीचा पडतो. रोज काही तरी केल्यासारखं वाटतं आणि कुणाच्या दारात जावं लागत नाही. मी इंग्रजी अनुवाद वाचले, वह्या भरल्या. यातून मला जे कळलं ते खोटं नाही. या लिखाणांतून येशूच्या आयुष्याची माहिती फारशी मिळत नाही. पण त्याच्यावर विश्वास ठेवणारी साधी माणसं काय काय विचारत होती ते कळतं. मरियेची आई कोण होती? बाळंतपणाला सुईण होती का? लहानपणी येशू खोड्या करायचा का? शास्त्रानं ज्यावर मौन पाळलं तिथं लोकांनी, विशेषतः बायकांनी, विचारलं. अशा प्रत्येक गोष्टीच्या तळाशी कुणाचा तरी प्रश्न असतो. मग हळूहळू नाव झालं. लोक शंका घेऊन येऊ लागले. एक निवृत्त तलाठी दर महिन्याला येऊन विचारायचे, "बारा ते तीस या वयात प्रभू कुठं होते, तेवढं एकदा सांगून टाका." जणू मी सांगायचं टाळतोय.

मग मोबाइलवर तो व्हिडिओ फिरू लागला. 'चर्चनं लपवलेलं खरं बायबल' असं काही तरी. लातूर हे शिकवण्यांचं गाव. आमच्या मंडळीतली पोरंपोरी परीक्षेची तयारी सोडून त्यावर वाद घालू लागली. निम्मी म्हणत, सगळं दडवलं. निम्मी म्हणत, असलं बघणंच पाप. कमिटीनं मला व्याख्यान द्यायला सांगितलं.

व्याख्यान चांगलं झालं. मी सांगितलं की, कुणी काही तळघरात लपवलेलं नाही, ही पुस्तकं दुकानात मिळतात, वाचा, पण डोळे उघडे ठेवून वाचा. शेवटी मी मरियेच्या आईबापांची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "मित्रहो, हीच गोष्ट मी अनेक वर्षांपूर्वी आपल्या मराठवाड्यात एका अडाणी बाईच्या तोंडून ऐकली होती. बघा, परंपरा कशी झिरपते!" टाळ्या पडल्या. त्या मी घेतल्या.

लोक पांगल्यावर एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, खांद्याला पर्स.

"ओळखलं का साहेब?"

मी चेहऱ्यावर हसू ठेवून अंदाज घेत राहिलो.

"मी सुनीता. मुदखेडच्या प्रकाशची. आता इथंच असते, मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर हाय. चर्चला येत न्हाई. कुणीतरी मोबाइलवर तुमचा फोटो टाकला, म्हणून आले."

मी 'बसा' म्हणालो. त्या बसल्या नाहीत.

"एक तर ती बाई अडाणी नव्हती," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूला सही करायला तिनंच शिकवलं होतं. आणि दुसरं, तुम्ही गोष्ट अर्धीच सांगितली."

"नाही, पुस्तकात तेवढीच—"

"पुस्तकातली न्हाई. तुमची. तुम्ही तिला खाली बसवलं, ते कामून न्हाई सांगितलं?"

सभागृहातली पोरं खुर्च्या उचलत होती. मी म्हणालो, "सुनीताबाई, माझी चूक झाली. मला खरंच—"

"मला नका सांगू." त्यांनी हात वर केला. "माझं काय व्हायचं ते झालं. वाईट न्हाई झालं. शंभर पोरी हायत माझ्याकडं. पण त्या दिवशी नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं उठलं होतं. मी वाट बघत होते की, हन्ना त्या माणसाला काय म्हणली. तेवढं ऐकलं असतं तर मी बी आक्काला काही तरी म्हणले असते. कैक वर्षं मी त्याच्यावर विचार करून राहिले. काय म्हणली ती, साहेब?"

मला माहीत नव्हतं. मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात हन्ना त्या माणसाकडं परत जात नाही. तेवढा भाग मार्थाबाईकडचाच होता.

"पुस्तकांत नाही," मी म्हणालो.

"मग तिला विचारा. हाय ती अजून, मुदखेडलाच." त्यांनी पर्स सावरली. "आन् माफी मागायची असंल तर तिची मागा. चारचौघांत बोलला होता, चारचौघांत मागा."

पुढच्याच आठवड्यात मी मुदखेडला गेलो. मार्थाबाई भाच्याकडे राहत होती. भाच्याची बायको रत्नमाला हिनं दार उघडलं. म्हणाली, "आत्याबाईंना ऐकायला कमी येतंय. कानाशी बोला." मार्थाबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती. ऐंशीला टेकलेली, पण नजर साफ. तिनं मला लगेच ओळखलं आणि पदर सावरून उठायला लागली. मी तिला बसवलं. तिला बसवायची ही माझी दुसरी वेळ, असं मनात आलं.

मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, ती हन्नाची गोष्ट तुम्हाला सासूबाईंनी कुठून आणून सांगितली? तिला ते आठवत होतं. सासू मिशनच्या दवाखान्यात सुईण होती. तिथं केरळची एक नर्स होती, रिकाम्या वेळी ती असल्या गोष्टी सांगायची.

"आणि मूल झाल्यावर हन्ना त्या मंदिरातल्या माणसाकडं गेली. तिथं ती काय म्हणाली?"

मार्थाबाई लसणाची पाकळी हातात धरून विचार करत राहिली.

"ती गोष्ट तर मी सोडली, साहेब. तुम्ही खोटी म्हणलात तवापासून तोंडात आणली न्हाई. मनात आली तरी दुसरं काही म्हणायची. देवाचं घर, पाळकाचं ऐकावं." मग थोड्या संकोचानं म्हणाली, "आता आठवंना. तुम्हीच सांगा बरं. तुम्हाला येती का?"

मी खाटेच्या कडेला बसलो आणि तिचीच गोष्ट तिला सांगितली. मेंढरं, बाभळ, सुगरणीचे खोपे, सगळं तिच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. ती लहान मुलीसारखी ऐकत होती. मरिया जन्मली तेव्हा तिनं समाधानानं मान डोलवली.

"मग?" ती म्हणाली.

"इथंच संपते."

"न्हाई न्हाई. पुढं होतं. चांगलं होतं काही तरी." तिनं डोळे मिटले. रत्नमाला चहा ठेवून गेली. शेवटी मार्थाबाईनं डोळे उघडले आणि लसूण सोलायला घेतला. "गेलं बगा," ती म्हणाली.

संपादकसाहेब, या अभ्यासाचा उपयोग काय, हे तुम्ही विचारलंत. त्या लिखाणांपैकी कितीतरी अशीच गेली. काहींचं नाव उरलंय, काहींचे चार तुकडे वाळूत सापडले. ती कुणी तरी खोटी ठरवली, आणि मग आज्ञाधारक माणसांनी ती म्हणायचं सोडून दिलं. अशी गोष्ट नाहीशी करायला जाळपोळ लागत नाही. एक शिकलेला माणूस आणि एक सही पुरते. म्हणून आता माझ्या वर्गात कुणी आजीकडून ऐकलेलं काही सांगू लागलं, तर ते शास्त्रात आहे की नाही हे मी आधी बोलत नाही. पूर्ण होऊ देतो. लिहून घेतो. ही काही मोठी विद्या नाही. त्या रविवारी एवढी असती तरी पुरली असती.

मार्थाबाईला भेटून आलो त्यानंतरच्या रविवारी मी मुदखेडच्या चर्चमध्ये उभा राहिलो. नव्या तरुण पाळकांनी परवानगी दिली. सेक्रेटरीला तो ठराव माहीतही नव्हता. आक्का आणि तिचा नवरा वारले होते. प्रकाश बदली होऊन गेला होता. समोरच्या बाकांवर बहुतेक चेहरे नवे होते. सुनीताबाई आल्या नाहीत. येणार नाही हे त्यांनी फोनवर सांगितलंच होतं. मार्थाबाईला रत्नमालानं रिक्षातून आणून पहिल्या बाकावर बसवलं होतं.

मी बोललो. उपदेशाला लागतो तसा आवाज लागला नाही. मी सांगितलं की, याच ठिकाणी एका बाईचा अपमान होत असताना मी गप्प बसलो, आणि जिनं तोंड उघडलं तिला मी खोटं ठरवलं. ठराव मी लिहिला होता, तो आज रद्द करावा अशी माझी विनंती आहे. लोक माझ्याकडं जरा गोंधळून पाहत होते. मागच्या बाकावरचे एक जुने पंच सौम्यपणे म्हणाले, "जाऊ द्या साहेब. लई वर्षं झाली."

मार्थाबाई माझ्याकडं पाहून हसत होती. पाळक बोलत असताना ती नेहमी अशीच हसऱ्या तोंडानं बसायची. मी थांबलो तेव्हा तिनं रत्नमालाकडं झुकून विचारलं, "काय म्हणून राहिले?"

"चूक झाली म्हणतेत, आत्याबाई."

"कोणाची?"

रत्नमालानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"माझी," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा, साहेब," रत्नमाला म्हणाली. "त्यांना ऐकू गेलं न्हाई."